मुलीने कॉलेजात एनएसएसला नाव दिलंय. पहिल्या दोन-तीन महिन्यांत नक्की काय करून घेतात, आणि अभ्यासाचं काय?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी यंदाच एफवायबीकॉमला लागली, डोंबिवलीहून दादरला जाते-येते, आणि तिसऱ्याच आठवड्यात 'रविवारी सकाळी सातला जुहूला पोचायचंय, बीच साफ करायचाय' म्हणाली. त्यावर तुमचं वाक्य, 'घरी स्वतःचं ताट उचलत नाही'. हे वाचून मला जोरात हसू आलं. 2014 साली माझ्या आईने मला शब्दाशब्दाने हेच ऐकवलं होतं, फक्त ताटाच्या जागी केरसुणी होती.

मी तीन वर्षं एनएसएसमध्ये होते, शेवटचं वर्ष विद्यार्थी प्रमुख म्हणून. भांडुपला राहायचे, कॉलेज मध्य मुंबईत. आता अंधेरीला हिशेबाच्या नोकरीत आहे.

आधी कोरडी माहिती उरकते. एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत सुरू झाली. साधारण 100 मुलांचं एक युनिट असतं आणि त्यावर एक प्राध्यापक कार्यक्रम अधिकारी. मुलं त्यांना नुसतं 'पीओ सर' नाहीतर 'पीओ मॅडम' म्हणतात. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, शिवाय एक सात दिवसांचं निवासी शिबिर. ते बहुतेक दिवाळीच्या सुट्टीत किंवा डिसेंबरात, पालघर-रायगडकडच्या एखाद्या गावात. आमच्या वेळी मुंबई विद्यापीठाचे 10 वाढीव गुण मिळायचे, आणि खरं सांगते, अर्धं युनिट त्यासाठीच नाव द्यायचं. मीसुद्धा. आता नव्या शैक्षणिक धोरणात याचे श्रेयांकही धरतात. तिच्या कॉलेजात नेमकं काय लागू आहे ते ऑफिसात विचारा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको.

120 तास ऐकायला डोंगर वाटतो, पण त्यातले वीसेक तास नुसत्या ओळखीच्या भाषणांत जातात. उरलेले 100 तास वर्षभरात वाटले तर आठवड्याला दोन-अडीच तास. अडचण अशी की ते असे सारखे वाटले जात नाहीत. जून ते सप्टेंबर नुसती झुंबड असते: योग दिन, वृक्षारोपण, पंधरा ऑगस्ट, रक्तदान, गणपती, मग 24 सप्टेंबरचा एनएसएस दिन आणि लगेच दोन ऑक्टोबर. त्यात सत्र परीक्षा ऑक्टोबरच्या आसपास. त्यामुळे 'अभ्यासाचं काय' हा तुमचा प्रश्न अगदी योग्य महिन्यात आलाय. मी स्वतः पहिल्या सत्रात अकाउंट्समध्ये काठावर पास झाले. एनएसएसमुळे झालं असं मी घरी सांगितलं होतं. खरं कारण कॅंटीन होतं.

आता पहिल्या तीन महिन्यांत काय करून घेतात. एफवायच्या मुलांना सगळ्यात कंटाळवाणी कामं मिळतात. रजिस्टरवर सह्या घेणं, खुर्च्या लावणं, बिस्किटं वाटणं, रांग सरळ करणं. पहिल्या महिन्यात पुष्कळ मुलं गळतात ती याच्यामुळेच. 'समाजसेवा करायला आलो आणि आम्हाला चहाचे कप मोजायला लावले.' माझंही तोंड वाकडं झालं होतं. रक्तदान शिबिरात तर पहिल्या वर्षी रक्त देताच येत नाही, कारण 18 पूर्ण लागतात, वजन किमान 45 किलो लागतं, हिमोग्लोबिन साडेबारा लागतं. मी सतरा वर्षांची, बेचाळीस किलो. मला बिस्किटांच्या टेबलावर बसवलं आणि काम दिलं की रक्त देऊन आलेल्या माणसाला दहा मिनिटं उठू द्यायचं नाही, एवढंच. एक उंचापुरा टीवायचा मुलगा, कबड्डीतला, 'मला काही होत नाही गं' म्हणत तिसऱ्या मिनिटाला उठला आणि जिन्याच्या तोंडाशी धाडकन पडला. कपाळ फुटलं नाही हे नशीब. त्यानंतर त्या टेबलावरून मी कुणालाही हलू दिलं नाही, आमच्या उपप्राचार्यांनासुद्धा. बिस्किटांचं टेबल का ठेवतात हे मला त्या दिवशी कळलं.

वृक्षारोपणाचं मात्र माझं मत फारसं चांगलं नाही. एक जुलैला फोटोसकट रोपं लागतात आणि पुढच्या वर्षी बहुतेक त्याच खड्ड्यांत नवी लागतात. आम्ही ऑक्टोबरमध्ये आमची रोपं बघायला गेलो तेव्हा निम्म्याहून जास्त वाळलेली. एक उपटून पाहिलं तर मुळांभोवती नर्सरीची काळी पिशवी तशीच. घाईत कुणीतरी पिशवी न फाडताच रोप खड्ड्यात ठेवून माती लोटली होती. 'कुणीतरी' म्हणजे कदाचित मीच, त्या ओळीत मी होते.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या मुलीने टिकावं की सोडावं हे माझ्या मते अशाच कामावरून ठरवता येईल. ऑगस्टमध्ये आम्हाला डेंग्यूच्या पाहणीला नेलं. परळच्या मागची एक जुनी चाळ, पालिकेच्या एक आरोग्यसेविका बाई आणि आम्ही सहा मुली. हातात आम्हीच रंगवलेले पोस्टर, त्यावर मोठ्या अक्षरात 'पाणी साठवू नका'. दुसऱ्या मजल्यावर एका आजींच्या दारात निळं पिंप. बाईंनी वरून पांढऱ्या मगमध्ये थोडं पाणी घेतलं आणि गॅलरीच्या उजेडात धरलं. केसाचे बारीक तुकडे पडल्यासारखं दिसलं, मग ते तुकडे वळवळायला लागले. स्वच्छ, पिण्याचं पाणी होतं ते. डेंग्यूचा डास गटारात अंडी घालत नाही, असल्याच पाण्यात घालतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी आपलं पाठ केलेलं सुरू केलं, आजी, पिंप उपडं करा, पाणी साठवू नका वगैरे. आजींनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'बाळा, पाणी पहाटे तासभर येतं. साठवू नको म्हणतेस, मग दिवसभर तुझ्या पोस्टरवर आंघोळ करू काय?' खालच्या मजल्यापर्यंत हशा गेला.

आरोग्यसेविका बाई हसल्या नाहीत. त्यांनी आजींचंच जुनं नऊवारीचं फडकं मागितलं, पिंपावर ताणून सुतळीने बांधलं आणि सांगितलं, आठवड्यातून एक वार ठरवा, त्या दिवशी पिंप रिकामं करून आतून काथ्याने घासा. नुसतं उपडं करून भागत नाही, अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याच्या आत घासलं की साखळी तुटते. आजींनी शुक्रवार ठरवला. पोस्टर आम्ही गुंडाळून ठेवलं.

पुढचे सहा शुक्रवार आमच्यातल्या दोघी-दोघी लेक्चरनंतर त्या चाळीत जायच्या. पहिल्या शुक्रवारी लोक दार उघडायला कुरकुरले. तिसऱ्याला चहा मिळाला. चौथ्याला आजींनीच मला हात धरून नेलं आणि शेजारच्या फ्रिजमागचा ट्रे दाखवला, ज्यात पाणी साठतं आणि ज्याच्याकडे आम्ही तोवर पाहिलंच नव्हतं. आमच्या डायरीत त्याचे तास लिहिले गेले फक्त बारा. फोटो एकही नाही, कारण त्या काळोख्या जिन्यात फोटो येतच नव्हता.

म्हणून मुलीला एकच विचारा: तुमचं युनिट एखाद्या ठिकाणी पुन्हा-पुन्हा जातं का? एनएसएसमध्ये दत्तक वस्ती, दत्तक गाव अशी पद्धत आहे. ज्या युनिटची दत्तक वस्ती खरोखर चालू असते, तिथे पोरं घडतात. जिथे दर रविवारी नवा बॅनर आणि नवी जागा, तिथे टी-शर्ट जमतात. आमच्याकडेही एका कंपनीचे लोक आले होते, सगळ्यांना पांढरे टी-शर्ट, पाऊण तास किनाऱ्यावर, त्यातली वीस मिनिटं ग्रुप फोटो. हातमोजे वापरून झाल्यावर तिथेच वाळूत टाकून गेले. ते आम्ही उचलले.

जुहूबद्दल तुम्ही विचारलंय की कचरा उद्या परत येणार तर उपयोग काय. पावसाळ्यात परत येतोच. नाल्यांतून समुद्रात गेलेलं सगळं भरतीबरोबर मुंबईच्या किनाऱ्यावर येऊन पडतं. पण वर्सोव्याला अफरोज शाह या वकिलांनी ऑक्टोबर 2015 मध्ये एका वयस्कर शेजाऱ्याला घेऊन सफाई सुरू केली, दर शनिवार-रविवारी लोक येत गेले, आणि मार्च 2018 मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. तोही कचरा दर आठवड्याला परत येतच होता.

गणपतीचं आत्ताच सांगून ठेवते, कारण त्या दिवशी तुम्हाला जास्त काळजी वाटेल. विसर्जनाला मुलांना निर्माल्य कलशापाशी उभं करतात. काम सोपं वाटतं: लोकांकडून निर्माल्य घ्यायचं, फुलं-पानं एकीकडे, प्लास्टिक-थर्माकोल दुसरीकडे. पालिका या फुलांचं खत करते, त्यात प्लास्टिक गेलं की सगळं वाया. पण हारांत बारीक तार असते, टाचण्या असतात, आणि पिशवीची गाठ कुणी सोडून देत नाही. माझ्या डाव्या तळहातावर अजून एक पांढरी रेघ आहे. साधे प्लास्टिकचे हातमोजे पाच मिनिटांत फाटतात. जाड रबरी, भांडी घासायचे मिळतात ते द्या. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी झालंय का बघून ठेवा. गर्दीतल्या ड्युटीला पीओ मॅडम स्वतः हजर असतात का, सुटायची वेळ लेखी आहे का, मुली जोडीने परततात का, एवढं जरूर विचारा. संमतीपत्रावर सही करायच्या आधी हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, लाजू नका. 'सगळे जातायत' हे उत्तर चालवून घेऊ नका.

पावसात एक पथ्य कडक पाळायला लावा. पायाला जखम, अगदी चप्पल चावलेली असली तरी, साचलेल्या पाण्यातून काम करायचं नाही. लेप्टो, म्हणजे साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे शरीरात शिरणाऱ्या जंतूंचा ताप, असाच होतो. चुकून चालावं लागलंच तर घरी येऊन पाय साबणाने धुवायचे आणि दुसऱ्या दिवशी पालिकेच्या दवाखान्यात जाऊन सांगायचं, गोळ्या लागतील का ते डॉक्टर ठरवतात. आणि भरती साडेचार मीटरच्या वर असेल त्या दिवशी किनाऱ्यावरचा कार्यक्रम ठेवलाच कसा, हा प्रश्न मुलांनीच विचारायला हवा. आम्ही एकदा विचारला आणि कार्यक्रम पुढे ढकलला गेला. सर आधी चिडले होते.

अभ्यासाचा हिशेब असा: आठवड्याला एक कार्यक्रम, फार तर दोन. लेक्चर बुडवून काही नाही. ग्रुपवर 'कम्पल्सरी' लिहून आलेली प्रत्येक गोष्ट कम्पल्सरी नसते, हे समजायला मला एक वर्ष लागलं. तास कमी पडले तर जानेवारीत भरून निघतात. परीक्षेच्या तीन आठवडे आधी तिने सरळ सरांना जाऊन सांगावं, बहुतेक सर सोडतात. न सोडणारे भेटलेच तर ते युनिट तिच्यासाठी नाही असं धरा. दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन आणि विस्तार विभागाचे प्रकल्प घेता येतात, त्यात बऱ्याच कामांना वेळ आपल्या सोयीने काढता येतो.

रविवारी सातला जुहू म्हणजे तिला पाचच्या आसपास डोंबिवलीहून निघावं लागेल. त्या वेळी लेडीज डब्यात फुलवाल्या आणि नर्सेस असतात, डबा रिकामा नसतो. जाताना भीती नाही, परतताना वैताग आहे, कारण तोवर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी रविवारी काही मार्गांवर लोकल बंद ठेवतात तो, सुरू होतो. अकराच्या आत दादरला यायला सांगा. डब्यात पोळी-भाजीचा रोल द्या, दोन जास्तीचे द्या, कुणीतरी न खाता आलेलं असतंच. आणि नवे बूट घालून पाठवू नका. जुने द्या, आल्यावर दाराबाहेरच काढायला लावा, मीठ आणि वास आठवडाभर जात नाही. माझे आईने दुसऱ्याच रविवारी परस्पर भंगारवाल्याला दिले होते.