नॉमिनी मीच आहे, तरी वारस दाखला का मागतात? सुरुवात कुठून करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की यजमानांना जाऊन महिना झाला, ते खाजगी नोकरीत होते, ऐरोलीचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे आणि घरचे म्हणतायत, आधी घर नावावर करून घे. मी ठाण्याची, या सगळ्यातून गेलेय. माझं मत उलट आहे. घर कुठे पळून जात नाही. आधी पैसा हातात येईल ती कामं करा.

मृत्यूचा दाखला जिथे मृत्यू झाला तिथली महापालिका देते, आपण राहतो तिथली नाही. माझे मिस्टर मुंबईतल्या हॉस्पिटलात गेले, म्हणून दाखला मुंबईचा. दाखला मिळाला की खिडकीवरून हलायच्या आधी नाव वाचा. आमच्याकडे मिस्टरांच्या आधारवर मधलं नाव, म्हणजे सासऱ्यांचं, पूर्ण होतं, पॅनवर त्याचं नुसतं आद्याक्षर. मग जाईन तिथे ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र! मूळ प्रती भरपूर काढून ठेवा, सगळीकडे झेरॉक्सवर भागत नाही.

त्यांचं सिम इतक्यात बंद करू नका, रिचार्ज चालू ठेवा. पॉलिसीचे आणि हप्त्यांचे मेसेज त्यावरच येतात. पण त्यांच्या कार्डाने एटीएममधून पैसे मात्र काढू नका, कोणी काहीही सांगो.

आता पासबुक भरून आणा आणि मे-जूनच्या नोंदी बोट ठेवून वाचा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, मृत्यूनंतर २ लाख मिळतात. २० रुपये कापलेले असतील तर तो अपघाती विमा, मृत्यू अपघाताने झाला असेल तरच उपयोगाचा. हे बँकेतलं कोणी आपणहून सांगत नाही. विचारावं लागतं.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट पीएफची. लोक शिल्लक रक्कम घेतात आणि घरी येतात. तिथे तीन वेगळे हक्क आहेत: साठलेली रक्कम, विधवा पेन्शन, आणि नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर ईडीएलआय या पीएफसोबतच्या योजनेचा विमा, जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत. मुलांना पंचवीस वर्षांपर्यंत वेगळी पेन्शन, एका वेळी दोघांना. जुने फॉर्म २०, १० डी आणि ५ आयएफ असे तीन, आता मृत्यूच्या दाव्यासाठी एकत्रित फॉर्मही आहे. कंपनीच्या एचआरला ईडीएलआयचं नाव घेऊनच विचारा.

बँकेत नॉमिनेशन असेल तर मृत्यूचा दाखला, तुमची ओळखपत्रं आणि क्लेम फॉर्म, एवढ्यावर काम व्हायला हवं. कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मला एका बँकेत नॉमिनी असूनही वारस दाखला आणा म्हणाले. मी म्हटलं, तेवढं लेखी द्या. साहेब आत गेले, बाहेर आले ते क्लेम फॉर्म घेऊनच. हे वाक्य पाठ करून ठेवा.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही तितकंच खरं. नॉमिनी पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचाच राहतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई यांना सारखा हिस्सा. सासूबाई हयात असतील तर त्यांचाही वाटा आहे, आणि हा विषय घरात कोणी काढत नाही. तुम्हीच शांतपणे काढा, आत्ताच, नाती गोड असताना. त्या राजी असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करता येतं. मुलं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, असतील तर त्यांचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही.

गाडी असेल तर ती नावावर करायला आरटीओत फॉर्म ३१ मागा, ३० नको, तो विक्रीचा. एजंट बऱ्याचदा तोच पुढे करतात.

आणि मग फ्लॅट. नॉमिनी म्हणून सोसायटी तुम्हाला तात्पुरतं सभासद करून घेईल, त्याने मेंटेनन्स, सभा वगैरे सुरळीत चालतं. मालकी हक्काची नोंद वारसांच्या कागदांवर होते, आणि वारस दाखला खरा लागतो तो इथे. जमीन सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, लीजवर असेल तर सोसायटीच्या रजिस्टरवर काम थांबत नाही, बेलापूरच्या सिडको भवनातही वारसाचं नाव लावावं लागतं. वकील लावायचा तर या कामासाठी लावा, बँक आणि पीएफसाठी गरज नाही.