जुनं कुठे ठेवलंय, ते विचार

प्रिय,

अनेक उत्तम आशीर्वाद. (ईमेलवर आशीर्वाद धाडणारी मी बहुधा शेवटचीच. चालवून घे.)

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी बाजू घेऊन, दुसऱ्यांदा तुमचं ॲप वापरणाऱ्यांची. नव्या आवृत्तीवर लोक तुटून पडलेत, एकेका स्टारची रांग लागलीय, ‘आधीचं परत द्या’ हा एकच धोशा चालू आहे. आणि शेवटी वैतागून तू लिहिलंस, ‘लोकांना बदल नकोच असतो.’ आपल्या धंद्यात हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडून एकदा तरी निघतं. माझ्याही निघालं होतं. ते बोललं की मनाला बरं वाटतं आणि डोकं चालायचं थांबतं, म्हणून मला त्याची धास्ती वाटते.

ज्या माणसांनी तुम्हाला धारेवर धरलंय त्यांच्याकडेच जरा बघ. अंगठ्याने टाइप करणं, नकाशातल्या निळ्या ठिपक्यामागून चालणं, बोट टेकवून कुलूप उघडणं हे सगळं त्यांनी कुणी शिकवणी न घेता आत्मसात केलं. बदलाचं वावडं असलेली माणसं असली उठाठेव करत नाहीत. त्यांना खुपतं ते वेगळंच काहीतरी असतं, आणि त्याचा हिशेब थोडाफार मांडूनही झालेला आहे.

हातातलं जातं त्याचं दुःख, तेवढंच नवीन मिळतं त्या सुखापेक्षा जड असतं, हे डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं. 2006 मध्ये हार्वर्डच्या जॉन गुर्व्हिल यांनी तोच धागा आपल्यासारख्यांपर्यंत आणला. त्यांचं म्हणणं असं, की वापरणारा माणूस हातातल्या वस्तूचे गुण साधारण तिप्पट करून बघतो, आणि बनवणारा आपल्या नव्या वस्तूचे गुण साधारण तिप्पट करून बघतो. तीन त्रिक नऊ. दोघांमध्ये एवढं अंतर. हा नऊचा आकडा मोजपट्टी लावून काढल्यासारखा धरू नकोस, अंदाजच आहे तो. पण तुमच्या टीमचं काय झालं ते त्यातून दिसतं. तुम्ही वर्ष-दीड वर्ष नव्या स्क्रीनसोबत राहिलात. जुनी स्क्रीन तुम्हाला आता अपुरी, ओबडधोबड वाटते. तुमच्या वापरकर्त्याला मात्र ही नवी स्क्रीन एका सकाळी, घाईच्या वेळी, अचानक समोर आली. त्याच्या लेखी जुनीत काहीच कमी नव्हतं.

मायक्रोसॉफ्टसारख्यांनाही हे चुकलं नाही. 2012 मध्ये विंडोज 8 आलं तेव्हा डाव्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटण गायब झालं होतं. वर्षानुवर्षं डोळे मिटून त्या कोपऱ्याकडे जाणारे हात तिथे जाऊन आपटायला लागले. ओरडा झाला. 2013 च्या ऑक्टोबरमध्ये 8.1 मध्ये बटण परत आलं, पण दाबलं की जुना मेन्यू न येता तीच नवी स्क्रीन उघडायची. दार परत बसवलं आणि मागची खोली मात्र दिलीच नाही! मेन्यू खऱ्या अर्थाने परतला तो 2015 मध्ये, विंडोज 10 बरोबर. तुमच्या मीटिंगमध्ये कुणी ‘लोकांच्या समाधानासाठी एक बटण देऊन टाकू’ म्हणालं तर ही गोष्ट सांग.

आता माझी चूक सांगते. ती सांगायचीच होती, तुझ्या पत्राने निमित्त मिळालं.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एक इलेक्ट्रॉनिक वही करत होतो. पडद्यावर पेनने लिहायचं, लिहिलेलं शोधता यायचं. पन्नाशीच्या एका शिक्षिकेकडे मी ती घेऊन गेले. बाईंनी तासभर सगळं मन लावून करून पाहिलं. प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, ‘फारच छान आहे हो.’ मी रेकॉर्डर बंद केला आणि पुढच्या महिन्यात कधी येऊ ते विचारलं. बाईंनी आमची वही अलगद बाजूला सरकवली, पर्समधून तळहाताएवढी डायरी काढली, तिच्या कण्यात खोचलेला पेन्सिलचा तुकडा ओढला, तारीख लिहिली आणि डायरी मिटून परत आत टाकली. दहा सेकंदांचं काम. हे सगळं मी समोर बसून पाहिलं. आणि ऑफिसात येऊन अहवालात लिहिलं, ‘प्रतिक्रिया अत्यंत अनुकूल.’ डायरीचा त्यात उल्लेखसुद्धा नाही, कारण रेकॉर्डर बंद होता ना!

महिन्याने गेले तर आमची वही फडताळात उभी. मी येणार म्हणून पुसून ठेवलेली, बॅटरी संपलेली. बाईच बिचाऱ्या ओशाळल्या. त्या खोटं बोलल्या होत्या असं नाही. छान ती त्यांना वाटलीच होती. पण तारीख लिहून ठेवायचं त्यांचं काम त्या डायरीने आधीच इतकं बेमालूम घेतलेलं होतं, की त्या जागी दुसरं काही बसेल ही शक्यताच नव्हती.

याच्या बरोबर उलटाही एक माणूस मला भेटला. ई-बुक वाचायचं यंत्र त्याला महिनाभर वापरायला दिलं होतं. भेटल्यापासून कुरकुर. पान उलटल्याचा आवाज नाही, कागदाचा वास नाही, पुस्तकाची जाडी हाताला कळत नाही. मी मान डोलवत बसले होते. मग सहज विचारलं, उशाशी पुस्तकं असायची ना तुमच्या? तर म्हणाला, ती खोक्यात भरून माळ्यावर टाकली. आणि वाचायचा चष्मा? तो कुठे आहे हे त्याला आठवेना. यंत्रावर अक्षर हवं तेवढं मोठं करता येत होतं, चष्म्याची गरजच उरली नव्हती. कुरकुर चालू होती आणि यंत्र केव्हाच घरचं झालं होतं.

तेव्हापासून ‘आवडलं का’ हा प्रश्न मी सोडला. जुनं कुठे ठेवलंय, हे विचारते. जुना फोन चार्ज करून खणात तयार असेल, जुनी वही अजून हाताशी असेल, तर नव्या वस्तूचा निकाल लागायचाय असं समज, तोंडाने माणूस काहीही म्हणो.

पुस्तकी वर्गवारी तुला ठाऊक असेलच. नवी वस्तू कोण आधी घेतं आणि कोण उशिरा, हे दाखवणारी, एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकाने 1962 मध्ये मांडलेली घंटेच्या आकाराची रेघ, सुरुवातीचे अडीच टक्के उत्साही, शेवटचे 16 टक्के मागे राहणारे. प्रेझेंटेशनला बरी असते. पण त्या 16 टक्क्यांसाठी वापरलेला ‘लॅगार्ड्स’ हा शब्द मला कधीच आवडला नाही, त्यात ‘रेंगाळणारे’ असा हिणवणारा सूर आहे. एकच माणूस कॅमेऱ्याच्या बाबतीत सगळ्यांच्या पुढे आणि बँकेच्या ॲपच्या बाबतीत सगळ्यांच्या मागे असू शकतो, आणि दोन्हीकडे त्याची कारणं चोख असतात. पैसे अडकले तर निस्तरणार कोण, हा प्रश्न फोटोच्या वेळी पडत नाही.

रॉजर्स ज्यांच्या खांद्यावर उभे होते ते काम मला जास्त भावतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मक्याचं संकरित बियाणं शेतकऱ्यांनी कसं स्वीकारलं, याचा अभ्यास ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी 1943 मध्ये प्रसिद्ध केला. बियाण्याची पहिली खबर पुष्कळांना विक्रेत्याकडून लागली, पण मन वळवलं ते शेजाऱ्यांनी. आणि बियाणं चांगलं ठरल्यावरसुद्धा बहुतेकांनी आधी शेताच्या एका तुकड्यात पेरून पाहिलं, मग दरवर्षी तुकडा वाढवत नेला. आता तुमचं अपडेट आठव. रात्री आलं, आपोआप बसलं, सकाळी जुनं काही शिल्लक नाही. माणसांना तुकडा पेरून बघायची सोय तुम्ही ठेवलीच नाहीत, एका रात्रीत त्यांचं सगळं शेत नांगरून मोकळे झालात! तुमचं बियाणं वाईट आहे असं मला वाटत नाही. मी आठवडाभर वापरलं, शोधण्याची सोय खरंच सुधारलीय.

दुसरी गोष्ट, वस्तू लोकांच्या हातात गेली की ती तुमची राहत नाही. एडिसनने 1877 मध्ये आवाज साठवून पुन्हा ऐकवणारा फोनोग्राफ केला आणि पुढच्या वर्षी त्याचे दहा उपयोग लिहून प्रसिद्ध केले. पहिला उपयोग पत्रं आणि मजकूर सांगून ठेवण्याचा. मरणाऱ्याचे शेवटचे शब्द जपून ठेवण्याचाही त्याने विचार केला होता. संगीत चौथ्या क्रमांकावर. पुढे काय झालं ते तुझ्या कानातच अडकवलेलं असतं दिवसभर.

त्याहून मजेदार वॉकमन. 1 जुलै 1979 ला सोनीचा पहिला वॉकमन, म्हणजे सोबत घेऊन फिरायचा छोटा कॅसेट प्लेअर, बाजारात आला तेव्हा त्याला हेडफोन लावायच्या दोन जागा होत्या आणि वर एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि आतल्या मायक्रोफोनमधून दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. एकट्यानेच कान बंद करून गाणी ऐकणं उद्धटपणाचं दिसेल, ही चिंता सोनीच्या संस्थापकांपैकी एक अकिओ मोरिता यांना वाटत होती, म्हणून ही योजना. लोकांनी काय केलं? प्रत्येकाने आपापला वॉकमन घेतला. नारिंगी बटण पुढच्या मॉडेलांतून गेलं. त्या बटणाचा मला फार लोभ आहे. बनवणाऱ्याने माणसांची काळजी करून, शिष्टाचाराचा विचार करून घातलेलं बटण, आणि माणसांना नेमका तो एकांतच हवा होता.

मिस्ड कॉल तर कुठल्याच कंपनीने बनवला नाही. कॉल न उचलल्यास पैसे पडत नाहीत, एवढ्या एका फटीतून अनेक देशांतल्या माणसांनी आपापली भाषा उभी केली. एकदा वाजला की निघालो, दोनदा वाजला की उशीर होतोय. म्हणून तुमच्या ॲपमध्ये लोक काही ‘चुकीचं’ करताना दिसले तर ते बंद करायची घाई नको. स्वतःलाच मेसेज पाठवून यादी ठेवणारी माणसं, स्क्रीनशॉटचा ढीग जमवणारी माणसं, रिमोटची चार बटणं उघडी ठेवून बाकीच्यांवर चिकटपट्टी लावणारी माणसं, ही सगळी तुला फुकटात डिझाइन करून देत असतात.

उलट दिशेनेही होतं. लोक स्वतःला वस्तूप्रमाणे वळवतात, फक्त सौदा पटला पाहिजे. 1993 मध्ये ॲपलचं न्यूटन हे हातात धरून पेनने लिहायचं यंत्र आलं. माणसाचं जसं असेल तसं अक्षर वाचण्याची त्याची प्रतिज्ञा होती. ते चुकीचं वाचायचं आणि जगभर टिंगल झाली. 1996 मध्ये पाम कंपनीचा तसलाच पायलट आला. त्याने उलटंच सांगितलं, की तुम्हीच माझी लिपी शिका. ग्राफिटी नावाची ती लिपी, अक्षरागणिक बहुतेक एकच फटकारा. लोकांनी ती मुकाट्याने शिकून घेतली. न्यूटनने अक्षर चुकवलं की यंत्र मूर्ख ठरायचं, पामने चुकवलं की माणूस म्हणायचा, माझाच फटकारा नीट बसला नाही. थोडा वेळ द्या, मग मी तुम्हाला फसवणार नाही, असा तो सौदा होता. तो पाम ज्यांनी घडवला त्या जेफ हॉकिन्स यांनी यंत्र तयार होण्याआधी त्याच आकाराचा लाकडाचा ठोकळा करून खिशात बाळगला होता. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढायचा आणि त्यावर टिपल्यासारखं करायचं. खिशात मावतो का, चारचौघांत काढावासा वाटतो का, दिवसातून किती वेळा हात तिकडे जातो, हे सगळं एका लाकडाच्या तुकड्यावर कळलं. माझ्या त्या वहीच्या वेळी मी असा ठोकळा महिनाभर पर्समध्ये टाकला असता, तर बाईंची डायरी मला आधीच भेटली असती.

चारचौघांत, हा शब्द मुद्दाम वापरला. गूगल ग्लास हा कॅमेरा बसवलेला चष्मा 2013 मध्ये निवडक लोकांना मिळू लागला आणि जानेवारी 2015 मध्ये त्याची सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली. घालणाऱ्यांपैकी कित्येकांना तो आवडत होता. पण समोर बसलेल्याला कळत नव्हतं की आपलं चित्रीकरण चाललंय की नाही, आणि त्या न विकत घेणाऱ्याने निकाल देऊन टाकला. तुमच्या ॲपमध्ये तो ‘शेवटचं केव्हा पाहिलं’ दाखवणारा भाग आहे ना, त्याच्याबद्दल मला हीच शंका आहे. त्यावर सविस्तर पुढच्या पत्रात.

तूर्त तुमच्या मॅनेजरकडे दोन गोष्टींचा हट्ट धर. जुनी स्क्रीन काही महिने, मागणाऱ्याला, एका खुणेसरशी मिळू दे. आणि किती जण रोज जुनीकडे परत जातात, नेमकं कुठलं काम करायला जातात, ते नोंदवत जा. स्टार मोजण्यापेक्षा ती यादी वाच. काही जण फक्त रागावून जातील आणि दोन आठवड्यांत कंटाळून परत येतील. पण एखादं काम असं सापडेल ज्यासाठी बरेच जण पुन्हा पुन्हा जातायत. तिथे तुमचंच काहीतरी मोडलंय.

पुढच्या आठवड्यात आठ जणांना भेटायला जातेयस असं लिहिलंयस. प्रश्नावली पाठवलीस ती बघितली, बावीस प्रश्न फार झाले. अर्धे काढ. त्या दिवशी त्यांना जे काम खरोखर करायचंय तेच तुझ्यासमोर करू दे, आणि तोंडाकडे कमी, हाताकडे जास्त बघ. मग आभार मान, रेकॉर्डर बंद कर, वही बॅगेत टाक. आणि लगेच उठू नकोस. दहा मिनिटं तशीच बसून राहा.

तुझी,
ताई