चेअरलिफ्टपाशी जमिनीवर तो सरकता पट्टा कशासाठी असतो? त्यावर उभं कसं राहायचं?

तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत आठ वर्षांच्या मुलाला घेऊन ऑस्ट्रियाला स्कीइंगला चालला आहात. औलीत आठवडाभर शिकून झालंय, उताराची भीती गेलीय, पण व्हिडिओत चेअरलिफ्टच्या, म्हणजे दोराला टांगलेल्या खुर्च्यांत बसवून डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या, तोंडाशी सरकणारा रबरी पट्टा पाहिला आणि धसका घेतलात. मागून खुर्ची येणार, पायाखालची जमीन पुढे जाणार, पायांत लांबलचक स्की. हे सगळं एकाच वेळी कसं सांभाळायचं?

मी अकरा वर्षांपासून म्युनिकला राहतोय. हिवाळ्यात जमेल तेव्हा शनिवारी पहाटे गाडी काढून आम्ही ऑस्ट्रियातल्या टिरोलला जातो. माझी मुलगी याच पट्ट्यांवर चेअरलिफ्टला बसायला शिकली. म्हणून आधीच सांगतो, पट्टा दिसला की हायसं वाटू द्या. तो तुमचं काम वाढवत नाही, कमी करतो.

तुम्ही डोंबिवलीचे आहात, तेव्हा हे तुम्हाला लगेच कळेल. फलाटाला लागणाऱ्या, अजून न थांबलेल्या लोकलमधून उतरणारा माणूस गाडीच्याच दिशेने चार पावलं पळतो. सरळ खाली पाय ठेवणारा तोंडावर आपटतो. जिवाशी खेळ आहे, करू नये, पण त्यामागचं गणित पक्कं आहे: गाडीच्या आणि आपल्या वेगातला फरक जितका कमी, तितका झटका कमी. चेअरलिफ्टला बसताना हेच उलट बाजूने होतं. खुर्ची चालती असते, तुम्ही उभे असता आणि पायांत स्की असल्यामुळे तुम्हाला तिच्याबरोबर पळता येत नाही. ते पळण्याचं काम पट्टा करतो. तो खुर्चीच्याच दिशेने, तिच्यापेक्षा हळू सरकतो.

आकड्यांत बघू. जिच्या खुर्च्या दोराला कायमच्या घट्ट बसवलेल्या असतात अशी चौघांची लिफ्ट घ्या. दोर सेकंदाला अडीच मीटर, म्हणजे ताशी 9 किलोमीटर वेगाने चाललाय. खुर्ची दोरापासून सुटत नाही, त्यामुळे तुमच्यापाशी येतानाही तिचा वेग तोच. तुम्ही बर्फावर नुसते उभे असाल तर तो सगळा वेग गुडघ्यामागच्या लवणीत बसतो. आता पायाखाली सेकंदाला 0.8 मीटरने सरकणारा पट्टा आला, तर फरक उरतो 1.7 मीटरचा. वेग तिसऱ्या हिश्श्याने कमी झाला, पण धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती निम्म्याहूनही खाली येते. ठोसा आणि ढकलणं यात जो फरक असतो, तो इथे जाणवतो.

लिफ्ट चालवणाऱ्यांचाही यात फायदा असतो. पट्टा नसेल तर नवशिक्यांसाठी दोर हळू चालवावा लागतो, नाहीतर कोणी ना कोणी पडतं, लिफ्ट थांबते आणि वर अधांतरी लटकलेले सगळे वाऱ्यात कुडकुडत बसतात. दुसऱ्या प्रकारच्या लिफ्टमध्ये स्टेशनात आल्यावर खुर्चीची पकड दोरापासून सुटते, खुर्ची सेकंदाला साधारण एक मीटरवर येते, माणसं बसली की पुन्हा वेग घेऊन दोराला जोडली जाते. दोर मात्र बाहेर सेकंदाला 5 मीटरने पळत असतो. ही व्यवस्था उत्तम, पण फार महाग. छोट्या गावाच्या डोंगरावर जुनी लिफ्ट आणि तिच्या तोंडाशी पट्टा, ही मला सर्वात शहाणपणाची जोडी वाटते. तरीही मोठ्या सहा-आठ जणांच्या आधुनिक लिफ्टला पट्टा दिसेल. तिथे वेगाची अडचण नसते, आठ अनोळखी माणसं एका ओळीत आणि वेळेवर यावीत म्हणून तो असतो.

चालत्या खुर्चीवर माणूस बसवायचा कसा, हा प्रश्न चेअरलिफ्टइतकाच जुना आहे. पहिली चेअरलिफ्ट 1936 साली अमेरिकेत आयडाहोतल्या सन व्हॅलीला सुरू झाली. ती युनियन पॅसिफिक रेल्वेचे अभियंते जेम्स करन यांची कल्पना. केळ्यांचे घड आकड्यांना टांगून जहाजात चढवणारी यंत्रणा त्यांना माहीत होती, त्यांनी आकड्याच्या जागी खुर्ची लावली. पण केळ्यांना उचलताना त्यांच्या गुडघ्यांची काळजी करावी लागत नाही. म्हणून ओमाहा शहरात ट्रकच्या बाजूला खुर्ची टांगून, समोर चाकांचे स्केट्स घातलेला माणूस उभा करून, किती वेगाने उचललेलं त्याला सोसतं ते तपासलं गेलं. मला हा प्रसंग फार आवडतो.

आता तुम्ही प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. रांगेच्या शेवटी कमरेएवढी छोटी फाटकं असतात, प्रत्येक जागेसाठी एक. ती खुर्चीच्या चालीशी बांधलेली असतात. वरच्या उदाहरणातल्या लिफ्टच्या खुर्च्यांमध्ये 15 मीटरचं अंतर असेल तर दर 6 सेकंदांनी फाटक उघडतं. उघडलं की पुढच्या किंचित उतारावरून आपोआप घसरत पट्ट्यावर जायचं. पट्ट्याचं रबर खरखरीत असतं, स्की त्यावर धरून राहतात. पाय सरळ, एकमेकांना समांतर. आणि मग काहीही करायचं नाही.

लोक चुकतात ते इथेच. विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावर चालायची आपल्याला सवय असते. मी पहिल्या वर्षी तेच केलं. घाई नव्हती, पाय आपसूक उचलले गेले. दोन पावलांत मी बाकीच्या तिघांच्या पुढे गेलो, पट्टा संपतो त्या जागी पोचलो, तिथे स्की पुढे घसरायला लागले आणि खुर्ची आली तेव्हा मी तिच्या काठावर जेमतेम टेकलो. शेजारच्या आजोबांनी जॅकेटला धरून मागे ओढलं. पट्ट्यावर उभं राहणं हे काम पुरेसं आहे. खांद्यावरून मागे नजर टाका, दोन्ही काठ्या एका हातात घ्या, पाठीवरची सॅक आधीच काढून पोटाशी धरा, खुर्ची टेकली की अगदी मागे सरकून बसा आणि खुर्चीचा सुरक्षेचा दांडा खाली घ्या. मफलरची टोकं जॅकेटच्या आत असू द्या.

मुलाबद्दल. रांगेपाशीच तुम्हाला 1.25 मीटरची खूण असलेली पाटी दिसेल. त्याहून बुटक्या मुलांनी मोठ्या माणसासोबतच बसायचं असतं. मुलाला अगदी कडेला बसवू नका, त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी माणसं असलेली बरी. खुर्चीची बैठक छोट्या मुलाच्या पाठीत लागते, यावरही काही लिफ्टना छान उपाय असतो: फाटकापाशी उंची ओळखली जाते आणि अख्खा पट्टाच थोडा वर उचलला जातो. माझी मुलगी सहा वर्षांची असताना पहिल्यांदा असा पट्टा वर आला, तेव्हा तिने माझा हात सोडून दिला. त्याआधी दर वेळी मी तिला काखेत हात घालून उचलायचो आणि दोघांचाही तोल जायचा.

पडलात तर उठायची धडपड करू नका. डोकं खाली ठेवून पडून राहा, मुलालाही हे हॉटेलच्या खोलीतच शिकवून ठेवा. लिफ्टवरचा माणूस बटणापाशीच असतो, तो लिफ्ट थांबवतो.

उतरताना सहसा पट्टा नसतो, तिथे उतारच काम करतो. पाटी दिसली की दांडा वर, स्कींची टोकं वर, स्की बर्फाला टेकले की उभं राहायचं आणि सरळ घसरत बाजूला व्हायचं. तिथे थांबून फोटो मात्र काढू नका, मागून पुढची खुर्ची येत असते.

पहिल्या दिवशी रांगेत शिरण्याआधी बाजूला उभं राहून मुलाला पाच-सहा खुर्च्या जाताना दाखवा. आणि तुमची पाळी आली की लिफ्टवरच्या माणसाकडे बघून मुलाकडे बोट करा आणि जर्मनमध्ये म्हणा, "लांगझाम, बिट्टं." हळू, प्लीज. तो मान हलवेल आणि लिफ्ट हळू करेल. हे शब्द आम्ही पहिली दोन वर्षं दर खेपेला म्हटले आहेत, कोणी कधी कपाळाला आठी घातली नाही.