टेक्सासमध्ये दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करायची असल्यास मालकाकडे परवानगी कशी मागावी?

टेक्सासमधील सुमारे 95 टक्के जमीन खासगी असल्यामुळे तेथे शिकार म्हटली की मालकाची संमती आलीच. तिच्याविना शिकार करणे हा गुन्हा आहे. कुंपणावर पाटी नसली, तरी झाडांवर वा खांबांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसल्यास कायद्याने तो प्रवेशबंदीचाच इशारा ठरतो.

हरणांचा हंगाम तोंडावर आल्यावर नव्हे, तर उन्हाळ्यातच, दिवसाउजेडी आणि अर्थातच बंदूक न घेता भेटायला जावे. कोणता प्राणी, किती माणसे, कोणते दिवस आणि गाडी कुठे उभी करणार, हे मालकाने विचारण्याआधी आपणच सांगावे. हरणांसाठी अनेक मालक हंगामभराचे भाडे घेतात, त्यामुळे फुकटात होकार मिळेल अशी आशा माझ्या मते धरू नये. मात्र रानडुकरांनी ज्याचे शेत उकरून ठेवले आहे, तो बहुधा आनंदाने हो म्हणेल.

2019पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुकरे मारण्यास राज्याचा शिकार परवाना लागत नाही. तरीही एच-वन-बी व्हिसावरील आपल्या मंडळींनी तो काढावाच, कारण काही अपवाद वगळता, वैध शिकार परवान्याविना अशा व्हिसाधारकाने बंदूक बाळगणे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे.

होकार मिळाल्यावर तारखा, प्राणी आणि जमिनीची हद्द लिहून मालकाची सही घ्यावी व तो कागद शिकारीच्या वेळी जवळ ठेवावा.