‘याकोब’ म्हणजे ठक?

बायबलमधील ‘याकोब’ या नावाचा अर्थ ‘ठक’ असा आहे का, असे एका वाचकाने विचारले आहे, कारण त्यांच्या मंडळीत प्रवचनातून तसे वारंवार सांगितले जाते. मीही ते इतक्यांदा ऐकले आहे की आता राग येतो. आईच्या उदरातच लबाड ठरवलेल्या माणसाचा दाखला देऊन भावाभावांना समेट कसा शिकवणार?

हिब्रूत ‘आकेव’ म्हणजे टाच. जुळ्यांतला धाकटा थोरल्या एसावाची टाच धरून जन्मला, म्हणून ‘याकोव’ (उत्पत्ती 25:26). ‘ठकवणे’ हा अर्थ नावाला जोडला तो एसावाने, दोनदा नाडला गेल्यावर, संतापाच्या भरात (27:36). ‘पाय ओढणे’ ज्या भाषेत रूढ आहे तिच्या वाचकाला ही कोटी सहज कळावी. पण दुखावलेल्या भावाची कोटी म्हणजे शब्दकोशातला अर्थ नव्हे. काही विद्वान गीझ या इथिओपियातील प्राचीन भाषेतील ‘राखणे’ या अर्थाच्या धातूवरून ‘देव राखो’ असा मूळ अर्थ काढतात. तो संभवतो, परंतु तेवढ्यावर चर्चा संपवणाऱ्यांनी पुढची कथा कान देऊन वाचलेली नाही.

एसावाच्या त्याच वाक्यात दोन शब्द शेजारी येतात: याने माझी ‘बखोराती’, म्हणजे ज्येष्ठत्वाचा हक्क, घेतली आणि आता ‘बिरखाती’, म्हणजे माझा आशीर्वादही, घेतला. मूळ व्यंजने तीच, फक्त शेवटच्या दोहोंची अदलाबदल. वीस वर्षे मामा लाबानाकडे राबून याकोब परततो, तेव्हा ‘भाऊ तुला नमन करोत’ हा वडिलांचा आशीर्वाद ज्याच्यापासून हिरावला, त्याच एसावापुढे तो सात वेळा भूमीपर्यंत लवतो आणि आपले कळप देऊ करतो. एसाव म्हणतो, ‘भावा, माझ्याजवळ पुष्कळ आहे.’ दहाव्या वचनात याकोब त्या कळपांना ‘मिनहा’, म्हणजे नजराणा, म्हणतो. अकराव्यात मात्र शब्द बदलून ‘माझी बिरखाती घे’ अशी विनवणी करतो (33:10-11). रूप अक्षरशः एसावाच्या तक्रारीतले आहे. ‘बिरखाती’तला मूळ शब्द ‘बराखा’; त्याचा अर्थ ‘भेट’ असाही होतो, असे सांगून भाष्यकार हे झटकून टाकतात. होतो, हे खरेच. मग हाताशी असलेला ‘मिनहा’ त्याने एका वचनात का टाकला, याचे उत्तर त्यांनी द्यावे. भाषांतरात दोन्हीकडे ‘भेट’ छापली की हिरावलेले परत केले जात आहे, हे वाचकापर्यंत पोहोचतच नाही. आग्रहानंतर एसाव ती घेतो, आणि तेथे ‘घेतली’साठी जे क्रियापद आहे ते त्याच्या जुन्या तक्रारीतलेच आहे.