मांजराचं पिल्लू आणलंय, पण घरातल्या कुत्र्यांसमोर लगेच नको

आधी पिल्लाला एक स्वतंत्र खोली द्या. खाणं, पाणी, शी-शूसाठी मातीचा ट्रे, लपायला खोका, सगळं तिथेच. डॉक्टरांकडून तपासणी होईपर्यंत भेटीचा विषयच काढू नका.

पहिली ओळख वासाने होऊ दे. पिल्लाच्या अंगावरून फिरवलेलं फडकं कुत्र्यांच्या अंथरुणाजवळ ठेवा, त्यांचं पिल्लाकडे. कुत्रा हुंगून आपल्या कामाला लागला की पुढची पायरी: मधे जाळीचं दार, कुत्र्याला पट्टा, आणि एका वेळी एकच कुत्रा. दोन कुत्रे एकत्र असले की एकमेकांमुळे त्यांना चेव चढतो.

आता कुत्र्याकडे नीट बघा. शेपटी हलतेय म्हणून निर्धास्त होऊ नका. अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर पिल्लावर खिळलेली, हाक मारली तरी कान हलत नाही, असं दिसलं तर शांतपणे त्याला बाहेर न्या. याउलट त्याने स्वतःहून नजर वळवून तुमच्याकडे पाहिलं, की त्याच क्षणी खाऊ द्या. सगळं शिक्षण या एका क्षणात आहे. ओरडू मात्र नका, नाहीतर पिल्लू दिसलं की ओरडा बसतो एवढंच तो शिकेल.

पिल्लू पळालं की शांत कुत्राही मागे धावू शकतो. म्हणून भेटीच्या जागी पिल्लाला चढता येईल असं उंच काहीतरी हवंच. पिल्लाला हातात धरून कुत्र्यापुढे नेऊ नका. घाबरून ते तुम्हालाच ओरबाडेल.

किती दिवस लागतील? कुत्र्यावर आहे, कधी महिनेही लागतात. तोवर तुम्ही समोर नसाल तेव्हा खोलीचं दार बंद.