मालवणच्या बोक्याचा उपास आणि इतर प्रश्न

प्रश्न : डॉक्टरबाई, आमचा बोका मासळीशिवाय कशाला तोंड लावत नाही. जून लागला की ताजा मासा बंद होतो. गेल्या पावसात सुके बांगडे भिजवून घातले, दूधभात दिला. दूधभाताने हगवण लागली आणि बांगडे खाऊन दिवसभर पाणी पीत बसला. यंदा काय करू? — मालवण

उत्तर : मालवणचा बोका मासे नाही तर काय मेथीची भाजी मागणार? पण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते हे तुम्हाला ठाऊक असतं, त्याला कोण सांगणार? म्हणून तयारी मेच्या मध्यालाच सुरू करा. नेहमीच्या मासळीत उकडलेल्या चिकनचा चिमूटभर चुरा मिसळा आणि रोज थोडा थोडा वाढवत न्या. आठ-दहा दिवसांत जीभ वळते. अन्न कोमट करून द्या, कारण मांजर आधी वासाने जेवतं. फ्रिजमधला थंडगार गोळा पुढे ठेवला तर हुंगून निघून जाईल, आणि तुम्ही म्हणाल, याला चिकन आवडत नाही.

सुका बांगडा म्हणजे मीठच. भिजवला तरी मीठ पुरतं निघत नाही, म्हणून त्याला पाणी पाणी झालं. मोठ्या मांजराच्या पोटात दूध पचवणारा रस फारसा उरलेला नसतो, त्यामुळे दूधभाताची हगवण ठरलेलीच. भात पोट भरतो, पण मांजर जातीनेच मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसमासळीतूनच मिळावा लागतो. तो कमी पडला की हृदय आणि डोळे दोन्ही जातात.

आता थोडं मासळीबद्दल, कारण ‘आमचं मांजर नुसत्या माशावर वाढलंय’ हे लोक मला कौतुकाने सांगतात. तारली, बांगडा यांसारखी तेलकट मासळीच बारा महिने घातली तर ई जीवनसत्त्व कमी पडतं, कातडीखालची चरबी सुजते, आणि पोटाला हात लावला की मांजर किंचाळतं. काही कच्च्या मासळीत बी-1 जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो, तो शिजवल्यावर निकामी होतो. तेव्हा मासळी उकडायची, मीठ-हळद-तिरफळ काही घालायचं नाही, काटे काढायचे. उकडलेलं पाणी ओतून देऊ नका, टॉरिन त्यात उतरतं. त्यातच कालवून द्या. कालवणातला तुकडा धुऊन घालणाऱ्यांनो, कांदा-लसूण मांजराचं रक्त बिघडवतो आणि तो धुऊन जात नाही.

आणि हट्टाची पैज लावू नका. ‘भूक लागली की खाईल’ हे कुत्र्याला चालतं. मांजर, त्यातून लठ्ठ बोका, दोन-तीन दिवस उपाशी राहिला तर यकृतात चरबी साचून कावीळ होते. दोन दिवस अन्नाला शिवला नाही तर दवाखाना.

प्रश्न : बोका कालपासून सारखा न्हाणीत जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो. बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजलं. अजून काही घरगुती? — रत्नागिरी

उत्तर : तुम्हाला मी फोनवर कळवलंच, इथे बाकीच्यांसाठी लिहिते. कुंथणारा बोका बहुतेक वेळा शौचाला नाही, लघवीला बसलेला असतो. त्याची मूत्रनळी अरुंद, त्यात खडा किंवा चिकट गाळ अडकतो. ओटीपोटात मोसंब्याएवढं टणक लागलं तर मूत्राशय तुंबलंय. दाबायचं नाही, घरी काही पाजायचं नाही, सकाळची वाट पाहायची नाही. एक-दोन दिवसांत जीव जातो.

प्रश्न : पोटभर जेवूनही आमची मनी पायरीवर पाली, उंदीर आणून टाकते. परवा अर्धमेलं फुरसं आणलं! — देवगड

उत्तर : भूक आणि शिकार ही मांजराच्या डोक्यात वेगळी खाती आहेत. शिकार सुरक्षित जागी न्यायची, हा तिचा स्वभाव. पिल्लं असली तर अर्धमेलं जनावर त्यांच्या पुढ्यात टाकून धडाही देते. तुम्हाला ती भेट देते असं मानायचं तर माना, मला काही खात्री नाही.

इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठाच्या 2021 मधल्या अभ्यासात मांसप्रधान आहाराने घरी आणलेल्या शिकारी 36 टक्क्यांनी आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्याने 25 टक्क्यांनी घटल्या. काथ्याची दोरी ओढत पडवीभर फिरवा, मग जेवण द्या.

फुरशाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. तुमच्याकडच्या चिऱ्याच्या गडग्यांत ते असतंच. मेलेलं वाटलं तरी हाताने उचलू नका. मनीचा पंजा किंवा तोंड सुजलं, हिरडीतून रक्त आलं, तर फुरशाच्या विषाने रक्त गोठणं बिघडलंय. जखमेला ब्लेडने चीर देणं, दोरी आवळणं नको. टोपलीत घाला आणि थेट डॉक्टर गाठा.

प्रश्न : सुनेला दिवस गेलेत. सासूबाई म्हणतात, मांजर आधी घराबाहेर. — गुहागर

उत्तर : सासूबाईंची भीती अगदीच खोटी नाही, पण शिक्षा चुकीच्या जिवाला होतेय. टॉक्सोप्लाझ्मा हा जंतू मांजराच्या विष्ठेतून येतो, मात्र बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून वाळूची पाटी रोजच्या रोज दुसऱ्या कुणीतरी साफ करायची. मुलगा घरी आहे ना? अर्धकच्चं मटण आणि मातीची न धुतलेली पालेभाजी यांतूनही हा जंतू पोटात जातो. परसात काम करताना सुनेने हातमोजे घालावेत. मांजराला कच्चं मांस देऊ नका, आणि घर बदलायला लावू नका.

प्रश्न : गणपतीला आलेल्या नातवाला पिल्लाने बोचकारलं, रक्त आलं. हळद लावली. पुरे? — वेंगुर्ले

उत्तर : नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची, हळद-चुना-तिखट काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. रेबीज मांजरांपासूनही होतो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्यालाही लस द्या, पुढे दरवर्षी.

प्रश्न : मांजराला ताप आलाय, मुलांची पॅरासिटामॉल अर्धी देऊ का? — दापोली

उत्तर : पावसुद्धा नाही. मांजराचं यकृत ते औषध पचवू शकत नाही, एका गोळीने मरतं. चुकून पोटात गेलीच असेल तर गोळीचं पाकीट बरोबर घेऊन लगेच निघा.